गांजा-कमिशन आणि त्यानंतर

चांगल्या घराण्यांत एखादा व्यसनी निपजला म्हणजे ‘तुळशींत भांग’ असें आपण म्हणतों, आणि घराणें हलकें असून मूल गुणी निघालें तर तीच म्हण उलटवून ‘भांगेंत तुळस’ म्हणतों. या वनस्पतीविषयींचा निकाल भाषेनें असा कधींच देऊन ठेवला आहे. परंतु ज्या समाजाची ही म्हण, त्याच समाजांत महाशिवरात्रीस शंकराचा प्रसाद म्हणून भांग घेणारे आहेत. बैराग्याच्या चिलिमीस दुरून कां होईना हात जोडणारे आहेत. आणि वैद्यानें अतिसारावर दिलेल्या जातीफलादि चूर्णांत भांग असते हें ठाऊक असून तें निमूटपणें घेणारेहि आहेत. एकाच झाडाविषयीं एकाच समाजाच्या मनांत इतकीं मतें नांदत असतां त्याविषयीं कायदा कसा करावा, हा प्रश्न सबंध देशापुरता म्हणून प्रथम ज्यांच्यापुढें उभा राहिला ते राज्यकर्ते परके होते. त्यांनीं १८९३-९४ सालीं त्यासाठीं एक चौकशी केली. ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ हें तिचें नांव. मोठमोठ्या कमिशनांच्या गर्दींत ही चौकशी आमच्याकडे विस्मृत झाली आहे. तींत काय घडलें आणि तिच्या निर्णयाचें पुढें सव्वाशें वर्षांत काय झालें, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण हल्लीं याच झाडाच्या लागवडीचे परवाने पुन्हां निघूं लागले आहेत.

प्रथम शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजी ‘हेम्प’ हा शब्द आपल्याकडील ताग, अंबाडी आणि भांग या तीन सर्वस्वी निराळ्या कुळांच्या झाडांस, मागें एकेक विशेषण जोडून, सरसकट लावला जातो. आमच्या कुणब्यास असा घोटाळा कधींच झाला नाहीं. बैलांच्या दाव्यांसाठीं व मोटेच्या नाड्यासाठीं तो ताग किंवा अंबाडी पेरी, अंबाडीचीं पानें भाजीला तोडी, आणि भांगेचें झाड हें दोराचें झाड आहे असें त्याच्या मनांतहि येत नसे. दक्खनच्या हवेंत या झाडापासून दोर करण्याची चाल नव्हती; ती हिमालयाच्या कुशींत कुमाऊं-गढवालकडे होती. तेथील डोंगरी लोक याच्या वाकापासून दोर वळीत व जाडेंभरडें कापड विणीत. म्हणजे एकच झाड एका मुलखांत वस्त्र देई व दुसऱ्या मुलखांत कैफ. पुढें कायद्याला जी अडचण पडली तिचें बीज या भेदांत आहे.

कैफाचे पदार्थ तीन. पानें वाळवून घोटलीं कीं भांग. मादी झाडाच्या न फळलेल्या फुलोऱ्याचे चिकट तुरे दाबून वाळविले कीं गांजा. आणि त्या तुऱ्यांवरील राळ निराळी काढली कीं चरस. गांजा पिकविणें हें मोठें जिकिरीचें काम. शेतांत नर झाडें राहूं दिलीं तर मादी झाडांत बीं धरतें आणि मालाची किंमत जाते. म्हणून फुलोरा धरण्याच्या सुमारास जाणता माणूस शेतभर फिरून नर झाडें हुडकून उपटून टाकी. बंगाल्यांत राजशाही जिल्ह्यांतील नौगांव, मध्यप्रांतांत निमाडांतील खांडवा आणि आमच्या इलाख्यांत अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) हीं या पिकाचीं ठिकाणें होतीं. उत्तरेंत खपणारा चरस मुख्यतः यारकंदाकडून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर लेहच्या वाटेनें पंजाबांत उतरे.

युरोपीय लोकांस या झाडाच्या गुणांची ओळख झाली ती बऱ्याच अंशीं आपल्याच किनाऱ्यावर. गोव्यास राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या संवादरूप औषधिग्रंथांत भांगेवर एक प्रकरण लिहिलें असून, आपल्या नोकरांनीं सांगितलेले अनुभव त्यांत नमूद केले आहेत. शास्त्रीय रीतीनें प्रयोग झाले ते पुढें पावणेतीनशें वर्षांनीं, कलकत्त्यास. तेथील मेडिकल कॉलेजांतील डॉक्टर ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं धनुर्वातासारख्या दुखण्यांत गांज्याच्या अर्काचा उपयोग करून पाहून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि हें औषध विलायतेस पोंचविलें. हिंदुस्थानांत पुढें विद्युत्‌-तारायंत्र उभारणारे ते हेच गृहस्थ.

सरकारचें लक्ष मात्र औषधापेक्षां उत्पन्नाकडे अधिक होतें, यांत नवल नाहीं. बंगाल्यांत १७९३ सालच्या कायद्यापासून मादक पदार्थांवर कर व परवाना यांची पद्धति सुरू झाली. १८७७ सालीं हेमचंद्र कर या बंगाली डेप्युटी कलेक्टरानें गांज्याची लागवड व व्यापार यांविषयीं एक तपशीलवार अहवाल सादर केला. मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि त्यानें दारू-ताडीबरोबर हे पदार्थहि आपल्या कक्षेंत घेतले. दुकानांचा लिलाव होई, मक्तेदार माल विकी, तिजोरींत भर पडे. हें असेंच चाललें असतें. पण विलायतेंतील मद्यपाननिषेधक मंडळींची दृष्टि हिंदुस्थानच्या अबकारीकडे वळली.

या मंडळींचे एक पुढारी विल्यम स्प्रॉस्टन केन हे पार्लमेंटचे सभासद असून आमच्या राष्ट्रीय सभेचे मित्र होते. १८९० च्या कलकत्त्याच्या अधिवेशनास ते स्वतः हजर होते. २ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं कॉमन्स सभेंत प्रश्न विचारला कीं, बंगाल्यांतील गांज्याची लागवड, व्यापार व लोकांच्या प्रकृतीवर आणि नीतीवर होणारा त्याचा परिणाम यांची चौकशी करण्यासाठीं एक कमिशन नेमाल काय? भारतमंत्री लॉर्ड किंबर्ले यांनीं संमति दिली. हिंदुस्थान सरकारनें चौकशी बंगाल्यापुरती न ठेवतां सर्व देशासाठीं करण्याचें ठरवून ३ जुलै १८९३ रोजीं कमिशन नेमलें. अफूविषयींचें रॉयल कमिशनहि त्याच वर्षीं नेमलें गेलें व त्याचाच गाजावाजा अधिक झाला. गांज्याचें कमिशन धाकट्या भावासारखें मागें राहिलें.

कमिशनचे सभासद सात. अध्यक्ष पंजाबचे मॅकवर्थ यंग. मुंबई इलाख्यांतून पंचमहालचे कलेक्टर ओमनी, मध्यप्रांतांतून कमिशनर फ्रेझर, कलकत्त्याहून रसायनशास्त्राचे अध्यापक सर्जन-मेजर वॉर्डन. उरलेले तिघे आपले लोक: बंगाल्यांतील ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय, पंजाबचे कुंवर हरनामसिंग अहलुवालिया आणि मुझफरनगरचे लाला निहालचंद. पांढऱ्या कातडीचे चार व काळ्या कातडीचे तीन हें प्रमाण त्या काळच्या मानानें वाईट म्हणतां येणार नाहीं. याच तिघांपैकीं दोघांनीं पुढें काय केलें तें यथाक्रम येईल.

कमिशननें सत्तर प्रश्नांची एक यादी छापून देशभर धाडली. झाड तुमच्या जिल्ह्यांत आपोआप उगवतें कीं पेरावें लागतें, येथपासून तों गांजा ओढणाऱ्यास सोबती तुच्छ लेखतात काय, येथपर्यंत सर्व कांहीं तींत होतें. ब्रह्मदेशापासून सिंधपर्यंत फिरून कमिशननें ११९३ साक्षीदारांचा पुरावा गोळा केला. सरकारी अंमलदारांचा भरणा त्यांत सर्वांत मोठा, हें खरें. तथापि डॉक्टर, वैद्य-हकीम, जमीनदार, शेतकरी, मिशनरी हेहि त्यांत होते. भांगेच्या धर्मसंबंधावर जेम्स कॅम्बेल यांनीं एक टिपण पाठविलें. हे कॅम्बेल म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक. ज्यांच्या खंडांवांचून आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांचा इतिहास आज लिहितां येत नाहीं तेच. संस्कृत व हिंदी वाङ्मयांतील भांगेचे उल्लेख ग्रिअर्सन यांनीं जुळवून दिले. सारें दप्तर १८९४ सालीं सात खंडांत छापून निघालें.

या सर्व खटाटोपांत आम्हांस सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांच्या चौकशीचा. गांजानें माणूस वेडा होतो, ही समजूत त्या वेळीं केवळ लोकांची नव्हती. ती सरकारी तक्त्यांतून आंकड्यांनिशीं सिद्ध झालेली होती. वर्षानुवर्षें इस्पितळांच्या अहवालांत ‘वेडाचें कारण’ या रकान्याखालीं गांजा, भांग, चरस हीं नांवें पडत आणि त्या आंकड्यांचा दाखला विलायतेपर्यंत दिला जाई. १८९२ सालीं हिंदुस्थानांतील इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ वेड्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें हें कारण लिहिलेलें होतें. म्हणजे दर सहांमागें जवळजवळ एक. दुसऱ्या एखाद्या कमिशननें हा आंकडा उचलून अहवालांत चिकटविला असता आणि कोणी त्यास दोषहि दिला नसता. या कमिशननें असें केलें नाहीं. रकान्यांत हें कारण लिहितो कोण, असा साधा प्रश्न त्यानें विचारला, आणि एकेका रोग्याचे कागद मुळापासून तपासण्याचें काम हातीं घेतलें.

तेव्हां जें आढळलें तें असें. रस्त्यावर भटकणारा वेडा पोलिसांच्या हातीं सांपडे. त्याचें नांव-गांव सांगणारा कोणी नसे. मॅजिस्ट्रेटकडे पाठवितांना एक छापील पत्रक भरावें लागे व त्यांत वेडाच्या कारणाची जागा असे. ती कोरी ठेवली किंवा ‘ठाऊक नाहीं’ असें लिहिलें तर वरून विचारणा होई. मग शिपाई आजूबाजूस विचारी: हा गांजा ओढीत होता काय? फकीर, बैरागी, भणंग अशा वेषाचा मनुष्य दिसला म्हणजे ‘ओढीत असेल’ असें म्हणावयास कोणालाच कांहीं पडत नसे. जागा भरली जाई. पत्रक इस्पितळांत आलें कीं तेथील कारकून पत्रकांतील शब्द नोंदवहींत उतरून घेई. नोंदवहींतून तो वार्षिक तक्त्यांत जाई. आणि तक्ता डॉक्टरच्या सहीनें बाहेर पडला म्हणजे हवालदाराचा तर्क वैद्यकशास्त्राचा सिद्धान्त होऊन बसे. पुढील वर्षीं नव्या डॉक्टरास तोच तक्ता प्रमाण. गांजा ओढणारा मनुष्य वेडा झाला एवढ्यावरून गांजानेंच वेडा झाला असें ठरत नाहीं. वेड लागूं लागल्यावर मनुष्य व्यसनाकडे वळतो असेंहि होतें. हा विचार त्या रकान्यांत बसणारा नव्हता.

एकेक कागद तपासून झाल्यावर २२२ चे ९८ राहिले. त्यांतहि केवळ गांजा-भांग हेंच कारण म्हणतां येईल असे ६१. बाकीच्या ३७ जणांच्या बाबतींत दुसरींहि कारणें होतीं. सहांमागें एक हें प्रमाण चौदांमागें एकावर आलें. हे ९८ सुद्धां कमिशननें खात्रीचे म्हणून नव्हे, तर नाकारण्यास पुरेसा आधार नाहीं म्हणून ठेवले. ही शुद्ध कारकुनी मेहनत होती. तींत कोणतीहि प्रतिभा नाहीं. परंतु सरकारनें सरकारच्याच आंकड्यांवर अविश्वास दाखवून ते पायापासून उकरून पाहावे, असे प्रसंग आमच्या देशाच्या कारभाराच्या इतिहासांत, पूर्वीं काय किंवा हल्लीं काय, फार थोडे सांपडतील.

प्रयोगहि झाले. डॉक्टर कनिंगहॅम यांनीं कलकत्त्यास एका माकडास महिनोन्‌महिने गांज्याचा धूर देऊन अखेर त्याचा मेंदू तपासला व त्यांत विशेष विकृति आढळली नाहीं असें कळविलें. माकडास मद्य चढल्याची उपमा आपल्या वाङ्मयांत जुनी आहे. त्याला चिलीम देऊन पाहण्याचें मात्र कोणा कवीस सुचलें नव्हतें. एका माकडावरून फारसें कांहीं सिद्ध होत नाहीं हें सांगावयास नकोच.

कमिशनचा निर्णय थोडक्यांत असा: बेतानें सेवन केल्यास या पदार्थांपासून शरीरास, मनास किंवा नीतीस म्हणण्यासारखा अपाय होत नाहीं; अतिरेक केल्यास होतो, पण तो बहुधा सेवन करणाऱ्यापुरताच असतो; संपूर्ण बंदीची आवश्यकता नाहीं व ती हितावहहि नाहीं. बंदी केल्यास लोक चोरून सेवन करतील किंवा दारू-धोत्र्यासारख्या अधिक घातक वस्तूंकडे वळतील. म्हणून परवान्याशिवाय लागवड करूं देऊं नये, दुकानें मोजकीं ठेवावीं, एका माणसाजवळ किती माल असावा याची मर्यादा घालावी, आणि कर चढता असावा. ‘नियंत्रण व निर्बंध’ हें त्या धोरणाचें सार.

वाचक येथें हंसतील. चढता कर बसवा, हा सल्ला सरकारला कडू कसा लागेल? ज्या धंद्यापासून तिजोरी भरते तो धंदा निरुपद्रवी आहे असें तिजोरीच्याच नोकरांनीं ठरविलें, असा आक्षेप त्या काळींहि घेतां येण्यासारखा होता, आणि तो सर्वस्वी खोटा नाहीं. अध्यक्ष महसुलाच्या खात्यांतले. कलेक्टर व कमिशनर यांचें पोटच महसुलावर. परंतु निर्णय सोयीचा होता एवढ्यावरून पुरावा खोटा ठरत नाहीं. ज्यास शंका असेल त्यानें सात खंड उघडून साक्षी वाचाव्या. विरुद्ध साक्षीहि त्यांत तितक्याच सविस्तर छापल्या आहेत. आमच्या मतें त्या अहवालाची खरी उणीव दुसरीच आहे. ज्यांची चिलीम, त्यांचा आवाज त्यांत फार क्षीण आहे. गांजेकसाविषयीं कलेक्टर, डॉक्टर व इनामदार यांना काय वाटतें हें भरपूर कळतें. त्याला स्वतःला काय वाटतें हें फार थोडें कळतें.

आतां त्या दोन सभासदांकडे वळूं. राजे शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद यांनीं बहुमताच्या निर्णयास आपलीं भिन्नमतें जोडलीं. त्यांस बहुमताहून कडक धोरण हवें होतें. हा प्रसंग मोठा विचित्र आहे. हिंदूंच्या धर्मांत व रूढींत या पदार्थांस स्थान आहे, त्यांत हात घालूं नये, असें प्रतिपादन करणारे इंग्रज. आणि या सवयींस धर्माचा आधार देऊं नका असें म्हणणारे हिंदु! परंतु थोडा विचार केला म्हणजे यांतील विचित्रपणा मावळतो. परक्या अंमलदारास प्रजेची चाल ही सांभाळून घेण्याची वस्तु असते; ती बरी कीं वाईट याची जबाबदारी त्याच्यावर नसते. आपल्या समाजाकडे पाहणारा सुशिक्षित हिंदी मनुष्य त्याच चालीकडे घरच्या दोषासारखा पाहतो. त्याला आंकडा १३४४ तील ९८ आहे कीं २२२ आहे यानें फारसें समाधान होत नाहीं. त्याच्या डोळ्यांपुढें गल्लींतला एक मनुष्य असतो.

हीच दृष्टि पुढें राष्ट्रीय चळवळीची झाली. अबकारी म्हणजे लोकांस व्यसनी करून त्यांच्याकडून पैसा उकळण्याचें यंत्र, ही भावना महाराष्ट्रांत किती तीव्र होती हें १९०८ सालीं टिळकांच्या नेतृत्वाखालीं पुण्यांत दारूच्या दुकानांवर झालेल्या निरोधनानें दिसून आलें. गांधीजींच्या काळांत मादकपदार्थबंदी हा स्वराज्याच्या व्याख्येचाच भाग बनला. १९४९ सालीं मुंबईचा दारूबंदीचा कायदा झाला, त्यानें १८७८ चा अबकारी कायदा रद्द केला आणि गांजा-भांगेसहि दारूच्या पंक्तीस बसविलें. घटनेच्या ४७ व्या कलमानें, औषधाखेरीज मादक पेयें व अपायकारक मादक द्रव्यें यांच्या सेवनास बंदी करण्याचा प्रयत्न हें राज्याचें धोरण ठरविलें. कमिशनच्या निर्णयाचें खंडन कोणी केलें नाहीं. त्याच्याशीं कोणी वादहि घातला नाहीं. जो वर्ग त्या अहवालाच्या शेवटीं भिन्नमत लिहून थांबला होता तो राज्यावर आला, एवढेंच.

दुसरा ओघ परदेशांतून आला. १९२४-२५ सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें जिनीव्हा येथें अफूविषयक परिषद भरली असतां ईजिप्तचे प्रतिनिधि डॉ. एल गिंदी यांनीं हशीशचा प्रश्न अकस्मात्‌ पुढें आणिला व त्यास अफूच्या बरोबरीनें धोकादायक ठरविण्याचा आग्रह धरला. सभासद बहुतेक या विषयास तयार होऊन आलेले नव्हते. हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधीनें देशांतर्गत वापराविषयीं हरकत घेतली. तेव्हां १९ फेब्रुवारी १९२५ च्या करारानें आयात-निर्यातीवर निर्बंध आले व अंतर्गत व्यवहार ज्या त्या देशावर राहिला. त्यास अनुसरून येथें १९३० चा धोकादायक औषधांचा कायदा झाला. अमेरिकेनें १९३७ सालीं कराच्या नांवाखालीं बंदीच घातली. त्या तडाख्यांत दोराचें झाडहि सांपडलें. पण १९४२ सालीं जपाननें फिलिपाइन्स घेऊन मनिलाच्या वाकाची वाट बंद केली, तेव्हां त्याच सरकारनें आरमाराच्या दोरखंडांसाठीं हें पीक लावा म्हणून शेतकऱ्यांस बोधपट दाखविला. युद्ध संपलें, आर्जव संपलें.

या सर्वांचा कळस म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा १९६१ चा एकत्रित करार. त्यानें हें झाड अत्यंत कडक अशा वर्गांत घातलें. तथापि व्याख्या करतांना ‘फुलोऱ्याचे किंवा फळांचे तुरे’ एवढाच भाग धरून, तुऱ्यांवेगळीं पानें व बीं वगळण्यांत आलीं. त्या एका वाक्यखंडामुळें आमची भांग जगाच्या कायद्यांतून निसटली. जेथें वहिवाट जुनी होती त्या देशांस ती मोडण्यासाठीं करार अंमलांत आल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार १९६४ च्या डिसेंबरांत अंमलांत आला; मुदत १९८९ पर्यंत होती.

भारतानें ती संपण्याची वाट पाहिली नाहीं. मादक द्रव्यांविषयींचें विधेयक २३ ऑगस्ट १९८५ रोजीं लोकसभेंत मांडलें गेलें आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. चोवीस दिवस. १८९३ सालीं परक्या सरकारनें सत्तर प्रश्न छापले, देश पालथा घातला, एक वर्ष घालविलें. स्वकीय सरकारनें त्याच झाडाविषयीं, आणि त्याबरोबर अफू-कोकेनविषयींहि, महिन्याच्या आंत निकाल लाविला. परदेशांतून येणाऱ्या हेरॉइनचा धाक त्या वेळीं मोठा होता व कडक कायद्याची निकड खरी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण हेरॉइनच्या घाईंत चिलीमहि ओढली गेली. मूळ कायद्याप्रमाणें गांज्यास पांच वर्षांपर्यंत सजा होती. चरस सांपडला कीं, स्वतःच्या सेवनापुरता अल्प अंश सोडल्यास, किमान दहा वर्षें, मग माल किती का असेना. वजनाप्रमाणें सजा ही साधी विवेकाची गोष्ट कायद्यांत यावयास २००१ साल उजाडावें लागलें. तेव्हां गांज्याचें अल्प प्रमाण एक किलो व व्यापारी प्रमाण वीस किलो असें ठरलें. लागवडीची कमाल सजा मात्र त्याच वेळीं पांच वर्षांवरून दहा वर्षांवर गेली.

सेवन करणारे अर्थातच नाहींसे झाले नाहींत. केंद्र सरकारच्या २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत वर्षभरांत या झाडाचा कोणता ना कोणता पदार्थ घेणारे सुमारें ३ कोटि १० लक्ष लोक होते. त्यांपैकीं भांग घेणारे सुमारें २ कोटि २० लक्ष, व गांजा किंवा चरस घेणारे १ कोटि ३० लक्ष. म्हणजे कायद्यानें ज्यास हात लावला नाहीं तोच पदार्थ घेणारे अधिक. येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. १९६४ सालीं इस्राएलांत मेशूलम व गाओनी यांनीं या झाडांतील कैफाचें मुख्य द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, शुद्ध रूपांत वेगळें काढल्यापासून शास्त्र पुष्कळ पुढें गेलें आहे. परदेशांत आज विकला जाणारा माल अतिशय तीव्र असतो. आणि कोवळ्या वयांत असा माल नित्य घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो असें पुराव्यानें दिसतें. तेव्हां १८९४ चा निर्णय जसाच्या तसा उचलून आज लागू करा असें म्हणणें म्हणजे पुन्हां एकदां तक्त्यावरून तक्ता उतरणेंच होय. कमिशनकडून घ्यावयाची ती त्याची रीति; त्याचें उत्तर नव्हे.

आतां परवान्यांविषयीं. १९८५ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमांतच, वाक किंवा बीं यांसाठीं लागवडीस सरकार परवानगी देऊं शकेल अशी तरतूद आहे. ती तेहेतीस वर्षें पडून राहिली. २०१८ सालीं उत्तराखंडानें, म्हणजे ज्या डोंगरांत या वाकाचें कापड विणलें जाई त्याच मुलखानें, व्यापारी लागवडीचा पहिला परवाना दिला. अट ही कीं झाडांत कैफाचें द्रव्य शेंकडा ०.३ हून अधिक नसावें. २०२१ च्या नोव्हेंबरांत या झाडाच्या बियांस व त्यांच्या पदार्थांस अन्न म्हणून मान्यता मिळाली. हा ०.३ चा आंकडा कोठून आला? १९७६ सालीं स्मॉल व क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं वर्गीकरणाच्या सोयीसाठीं कोठेंतरी रेघ मारावयाची म्हणून ती तेथें मारली होती; येथून पुढें कैफ सुरू होतो असें त्यांचें म्हणणें नव्हतें. शास्त्रज्ञाची सोय पुढें अमेरिकेच्या व आमच्या कायद्यांत तुरुंगाची वेस होऊन बसली. हवालदाराच्या रकान्याची येथें कोणास आठवण झाल्यास आमचा इलाज नाहीं.

त्या वेशीच्या अलीकडे परवानाधारक कंपन्या आहेत, ज्यांचा माल शहरांतील दुकानांत सुबक बाटल्यांतून विकला जातो. पलीकडे धुळें जिल्ह्यांत, शिरपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या जमिनींत उभा गांजा पोलिस उपटून जाळतात, अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत वारंवार येतात. दोन्हींकडे झाड एकच. डोंगरांतल्या त्या शेतकऱ्यास ०.३ हा आंकडा ठाऊक असण्याचें कारण नाहीं, आणि ठाऊक असला तरी उभ्या पिकांत तो मोजण्याचें साधन त्याच्याजवळ नाहीं. त्याला ठाऊक असतो तो व्यापाऱ्यानें आगाऊ सांगितलेला भाव.

२ डिसेंबर २०२० रोजीं व्हिएन्ना येथें संयुक्त राष्ट्रांच्या मादकद्रव्य-आयोगांत, हें झाड १९६१ च्या सर्वांत कडक वर्गांतून काढावें या ठरावावर मतें घेण्यांत आलीं. २७ अनुकूल, २५ प्रतिकूल, एक तटस्थ. भारताचें मत अनुकूल पडलें. एवढ्या थोडक्या मतांनीं ठराव पार पडला असतां आमच्या मताचें वजन किती होतें हें उघड आहे. पण त्या मताच्या मागें कोणती चौकशी होती याची देशांत फारशी चर्चा झाली नाहीं, आणि देशांतला कायदा त्यामुळें बदललाहि नाहीं. मध्यंतरीं हिमाचल प्रदेशानें आपल्या महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिचा अहवाल २०२४ च्या सप्टेंबरांत तेथील विधानसभेनें स्वीकारला, व २०२५ च्या जानेवारींत मंत्रिमंडळानें पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांकडे लागवडीचे प्रयोग सोंपविले. त्या प्रयोगांतून वाक किती निघतो, औषध कितपत होतें, हें कळेल. सत्तर प्रश्नांपैकीं तेवढे प्रश्न तरी पुन्हां विचारले जात आहेत.